फासे, चिंचोके आणि चौथीचा वर्ग

आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात ‘संभाव्यता’ हा शब्द मुलांसमोर पहिल्यांदा रीतसर येतो तो दहावीत. बीजगणिताच्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण. यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, घटना अशा भारदस्त शब्दांनी सुरू होणारं आणि परीक्षेत हमखास गुण मिळवून देणारं. पण तोवर मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं. सामन्यावर पैजा लावून झालेल्या असतात, मोबाइलवर रमीच्या जाहिराती पाहून झालेल्या असतात, आणि ‘आपला नंबर लागणारच’ किंवा ‘आपलं नशीबच फुटकं’ यांपैकी एक मत कायमचं बनलेलं असतं. मग पुस्तक सांगतं की फाशावर सहा पडण्याची संभाव्यता एक छेद सहा. मूल लिहितं एक छेद सहा. गुण घेतं. मत आहे तिथंच राहतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी. वर्गात साळी, धनगर, मातंग, मुसलमान, लिंगायत, सगळी पोरं. घरी कुणी दखनी बोलतं, कुणी कानडी, शाळेत सगळे मराठी. गेली काही वर्षं मी चौथीच्या मुलांबरोबर शक्यतेचे खेळ खेळते. ‘संभाव्यता’ हा शब्द वापरत नाही. ‘शक्यता’ म्हणते. मुलं ‘चान्स’ म्हणतात. चालतं.

कुणी विचारेल, इतक्या लहान पोरांना हे झेपतं का? हा प्रश्न जुना आहे. पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९५१ साली मुलांच्या मनातल्या ‘योगायोगा’च्या कल्पनेवर एक पुस्तकच लिहिलं. त्यांच्या मते ही समज टप्प्याटप्प्यानं येते आणि पुरती पक्की होते ती किशोरवयात. नंतर फिशबाइन नावाचे अभ्यासक आले. १९७५ च्या पुस्तकात त्यांनी वेगळी बाजू मांडली. मुलांना शक्यतेचा अंदाज शाळेच्या आधीपासूनच असतो, उलट प्रत्येक प्रश्नाला एकच पक्कं उत्तर असतं असं शिकवून शाळाच तो अंदाज बोथट करते. मला हे वाचलं तेव्हा फार पटलं. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं तेच करतो. सात आठे छप्पन्न. पुणे कुठल्या नदीवर? बरोबर, चूक, पुढचा प्रश्न. ‘बहुतेक’ असं उत्तर दिलं तर आम्ही म्हणतो, बहुतेक नको, नक्की सांग.

आता खेळ सांगते. पहिला घोड्यांचा.

फळ्यावर बारा उभ्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एका घोड्याची धाव. घोड्यांचे क्रमांक एक ते बारा. मुलांनी आपापला घोडा निवडायचा. मग दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या घोड्यानं एक घर पुढं जायचं. दहा घरं आधी गाठेल तो जिंकला.

घोडा निवडताना मुलं जी कारणं देतात ती ऐकण्यासारखी असतात. सातवर उड्या पडतात, पण गणितामुळं नव्हे, धोनीमुळं. बारा घेणारा म्हणतो, सगळ्यात मोठा आहे, जोरात पळेल. दहा घेणाऱ्याला सचिन आठवतो. आणि दरवर्षी कुणीतरी एक क्रमांकाचा घोडा घेतं. पहिला नंबर म्हणजे पहिला येणार, साधा हिशोब. खेळ सुरू होतो. सहा पुढं सरकतो, आठ सरकतो, सात तर पळतच सुटतो. एकचा घोडा तबेल्यात. मालक ओरडतोय, बाई, माझा कधी येणार? मी काही बोलत नाही. दहा-पंधरा वेळा फासे पडले की वर्गातून कुठून तरी आवाज येतो, “अरे, दोन फाशांत एक कसा येईल? कमीत कमी दोनच येणार ना!” मग जो हशा होतो, त्यात एकवाला स्वतःही सामील असतो. त्याला त्या क्षणी जे कळलेलं असतं त्याला गणितात ‘अशक्य घटना’ म्हणतात. मला तो शब्द फळ्यावर लिहायची गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी निवड बदलते. आता सगळ्यांना सहा, सात, आठ हवेत. भांडणं होतात. मग मी विचारते, का? “कारण ते जास्त येतात.” का जास्त येतात? इथं वर्ग शांत होतो. मग आम्ही मांडायला बसतो. एक लाल फासा, एक हिरवा. लालवर एक, हिरव्यावर एक, बेरीज दोन. असे सगळे मिळून छत्तीस प्रकार. दोनचा एकच प्रकार, बाराचा एकच, सातचे सहा.

यात एक अवघड जागा आहे आणि ती दरवर्षी येते. लाल पाच–हिरवा सहा आणि लाल सहा–हिरवा पाच हे दोन वेगळे प्रकार का धरायचे? बेरीज तर अकराच. हुशार मुलंच इथं अडून बसतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण लाइब्निट्स इथंच अडला होता. कलनशास्त्राचा एक जनक, एवढा थोर गणिती. त्याला वाटलं, दोन फाशांवर अकरा आणि बारा पडण्याची शक्यता सारखीच, कारण दोन्ही एकाच तऱ्हेनं येतात. द’अलांबेरनं १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत दोनदा नाणं उडवण्याच्या प्रश्नावर असाच गोंधळ घातला. तेव्हा चौथीतली पोरगी वाद घालत असेल तर तिला घालू द्यावा. वादानं सुटत नाही, मोजल्यानं सुटतं. अकरा किती वेळा आले, बारा किती वेळा, सगळ्या वर्गाचं मिळून लिहून काढायचं. आकडे वाढत गेले की अकराची उंची बाराच्या साधारण दुप्पट व्हायला लागते, आणि अडून बसलेली पोरगी स्वतःच उठून लाल-हिरवे फासे उलटसुलट ठेवून बघते.

एकदा केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले तेव्हा हाच खेळ चालला होता. त्यांनी विचारलं, मॅडम, ही कोणती अध्ययन निष्पत्ती? मी म्हटलं, सर, माहिती गोळा करणे आणि चित्रालेख. ते खरंही होतं. फळ्यावरच्या घोड्यांच्या रेघा म्हणजे चित्रालेखच की. ते थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, नऊ कुणी घेतलाय का?

फाशावरून मात्र एका वर्षी वेगळाच प्रसंग आला, आणि तो मी टाळून पुढं जाणार नाही.

वर्गातल्या एका मुलाचे अब्बा शाळेत आले. गवंडीकाम करणारे, पाच वक्ताचे नमाजी, बोलायला अतिशय सौम्य. दारातच उभे राहिले. म्हणाले, “बाजी, बुरा मत मानो. मदरसे में बच्चे को बोलते पासा हराम है. हौर स्कूल में तुम पासे खिलाते.” मी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. फाशांच्या ‘नर्द’ नावाच्या खेळाची निंदा करणाऱ्या हदीस आहेत, हे मला माहीत होतं. पैसे लावले नाहीत तर काय, यावर फुकहांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, तेही माहीत होतं. पण मी मुफ्ती नाही. चौथीची बाई आहे. आणि खरं सांगायचं तर या विद्येचा इतिहास बघितला तर त्या गृहस्थांचा संशय रास्तच म्हणावा लागेल. कार्दानो, ज्यानं सोळाव्या शतकात फाशांच्या हिशोबावर पुस्तक लिहिलं (ते छापून आलं १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी), तो स्वतः जुगारी होता. पास्काल आणि फर्मा यांची १६५४ सालची जी पत्रं या शास्त्राची सुरुवात मानली जातात, त्यांचा विषयच मुळी हा, की डाव अर्ध्यात मोडला तर लावलेले पैसे कसे वाटायचे. म्हणजे दूध शुद्ध आहे, पण गोठा असा आहे.

मी त्यांना विचारलं, मुलानं दोन पिशव्यांतून चिठ्ठ्या काढल्या तर चालेल का? एका पिशवीत एक ते सहा, दुसरीत एक ते सहा. पैसा नाही, बक्षीस नाही, हरणाऱ्याचं काही जात नाही. ते विचारात पडले. चिठ्ठ्या तर आपणही काढतो, म्हणाले, भिशीत काढतो, वाटणीत काढतो. चालेल.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात फासे बंद, पिशव्या सुरू. मुलांनी कुरकुर केली, कारण फासा हातात घोळवण्याची मजा चिठ्ठीत नाही. पण आठवड्यानं एका मुलीनं जुन्या आणि नव्या घोड्यांचे तक्ते शेजारी शेजारी धरले आणि म्हणाली, “बाई, सारखेच आलेत.” सातचा डोंगर मध्ये, दोन आणि बारा कडेला बसलेले. फाशाला काढून टाकलं तरी छत्तीस प्रकार जागच्या जागीच होते. मला वाटतं, त्या गृहस्थांनी हरकत घेतली नसती तर हा धडा आमच्या वर्गाला मिळालाच नसता. तेव्हापासून मी मुद्दामच चिठ्ठ्या वापरते. फासे कपाटात आहेत, दुसऱ्या शाळेतल्या कुणाला हवे असतील तर नेतात.

ते अब्बा नंतर एकदा येऊन अख्खा तास मागं बसले. जाताना म्हणाले, हे तर हिशोबच आहे. मग स्वतःच सांगितलं, स्लॅब टाकायच्या दिवशी आभाळ बघून आम्हीही हेच करतो. पडलाच पाऊस तर किती नुकसान, नाही टाकला तर मजुरी किती बुडाली. मी म्हटलं, हेच ते.

पण त्यांच्या मुलानं वर्गात एक प्रश्न विचारला होता, तो माझ्या डोक्यात राहिला. “बाई, कुठली चिठ्ठी निघणार ते अल्लाहला माहीत असतं ना?” शेजारची पोरगी लगेच म्हणाली, विठोबालापण असतं. आता यावर काय बोलावं! मी म्हटलं, त्याला माहीत आहे. तुला आहे का? “नाही.” मला? “नाही.” मग आपण हे जे करतोय ते आपल्याला माहीत नसण्याचं गणित आहे. त्याच्या माहितीचं नाही. मुलगा समाधानानं खाली बसला. मोठ्या माणसांना हे इतक्या चटकन पटत नाही. आपल्यात तवक्कुल म्हणजे हात जोडून बसणं असा अर्थ करणारे पुष्कळ. त्यांना ती उंटाची गोष्ट सांगावी लागते, आधी उंट बांधून ठेवावा आणि मग भरवसा ठेवावा. उंट का बांधायचा? तो पळून जाण्याची शक्यता असते म्हणून. शक्यता ओळखली नाही तर दोर आणायचं सुचणारच नाही.

आता पिशवीच्या दुसऱ्या खेळाकडे येते. माझ्या मते हा सगळ्यांत चांगला, आणि मुलांना सगळ्यांत जास्त छळणारा.

काळ्या जाड कापडाची पिशवी. आमची पिशवी माझ्या जुन्या बुरख्याची आहे, आतली गोटी बाहेरून अजिबात दिसत नाही. तिच्यात दहा गोट्या, काही लाल, काही पांढऱ्या. किती ते मी सांगत नाही. एकेकानं यायचं, न बघता एक गोटी काढायची, रंग सांगायचा, परत आत टाकायची, पिशवी हलवायची. पन्नास वेळा. मग ओळखायचं, आत लाल किती. आणि नियम असा की शेवटी पिशवी उघडायची नाही.

या नियमावर वर्ग चिडतो. “मग खरं कसं कळणार?” नाही कळणार. “मग बरोबर कोण?” तेही नक्की नाही. पण सगळे अंदाज सारखे नसतात. पन्नासात पस्तीसदा लाल आली असेल तर सात म्हणणारा आणि तीन म्हणणारा एका तोलाचे नाहीत. आठ म्हणणारा सातच्या जवळ आहे, त्याच्याशी भांडण होऊ शकतं, तीनवाल्याशी भांडायची गरजच नाही. मग मुलं स्वतःहून म्हणतात, अजून पन्नासदा काढू. मी म्हणते, काढा. अजून हवंय असं मूल आपणहून म्हणालं की मला तास सार्थकी लागला असं वाटतं. शिपाईकाकांना लाच देऊन पिशवीत डोकावायचा प्रयत्नही झालेला आहे. लाच म्हणजे एक पेरू.

हीच युक्ती महाभारतात आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? शकुनीचे फासे सगळ्यांना माहीत. पण वनपर्वातली नल-दमयंतीची गोष्ट घ्या. जुगारात राज्य घालवलेला नल ओळख लपवून राजा ऋतुपर्णाचा सारथी झालेला असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर पानं इतकी आणि फळं इतकी. नल रथ थांबवून मोजायला लागतो. संख्या बरोबर निघते. राजा म्हणतो, मला फाशांचंही मर्म कळतं आणि गणनेचंही. आणि बेहडा हे झाड उगाच आलेलं नाही, जुन्या काळी त्याच्याच फळांचे फासे करीत. थोडं बघून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फाशाचं मर्म ओळखणं ही एकच विद्या आहे, हे त्या गोष्टीत कुणीतरी सांगून ठेवलंय. मुलांना मी ही गोष्ट सांगते आणि शाळेसमोरच्या चिंचेची फांदी मोजायला लावते.

चिंचेवरून चिंचोके आले. फोडलेला चिंचोका हा आमच्याकडचा जुना फासा. आत पांढरा, बाहेर तपकिरी. पट खेळताना आमच्या आजी चार चिंचोके उडवायच्या. मुलांना विचारलं, पांढरी बाजू वर पडायची शक्यता किती? सगळे म्हणतात, निम्मी. कारण बाजू दोन. मग शंभर वेळा टाकून मोजा म्हटलं की गंमत सुरू होते. एका गटाचं निम्म्याच्या वर जातं, एकाचं खाली, आणि तोच चिंचोका पुन्हा शंभरदा टाकला तरी तो आपला कल सहसा सोडत नाही. कुणाचा पोटाशी फुगीर, कुणाचा चपटा फुटलेला. दोन बाजू आहेत म्हणून दोन्ही सारख्या, असं नसतं. नाण्याचं ठीक, ते तसं घडवलेलं आहे. चिंचोका झाडानं घडवलाय. पावसाचंही तसंच. पडेल किंवा नाही पडेल, म्हणून निम्मं-निम्मं? आमच्या दुष्काळी तालुक्यात हे कुणाला सांगून बघा.

नाण्याचा खेळ सांगायचा राहिला. वर्गाचे दोन भाग करायचे. अर्ध्यांनी नाणं खरंच पन्नासदा उडवून छापा-काटा लिहायचं, अर्ध्यांनी न उडवता मनानं लिहायचं, खऱ्यासारखं वाटेल असं. मी बाहेर जाते. परत आल्यावर कागद बघून सांगते, हा खरा, हा बनावट. बहुतेक वेळा बरोबर निघतं. मुलांना जादू वाटते. जादू हंगेरीतल्या तमाश वर्गा नावाच्या गणितशिक्षकाची आहे. त्यानं प्राथमिक शाळेत शक्यतेचे खेळ आणण्यासाठी आयुष्य वेचलं. तो दोनशे वेळा नाणं उडवायला सांगायचा. युक्ती अशी की खऱ्या नाण्यात ओळीनं पाच-सहा छापे सहज येतात, दोनशेत तर सात-आठही. पण मनानं लिहिणारा तीन छाप्यांनंतर घाबरतो आणि काटा लिहितो. त्याला वाटतं, आता काटा यायलाच हवा. नाण्याला तसं काही वाटत नाही. नाण्याला मागचं आठवतच नाही.

ही युक्ती सांगितली त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा मधल्या सुट्टीत आला. दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. उभे-आडवे आकड्यांचे रकाने. मटक्याचा चार्ट. “बाई, माझे पप्पा हे रोज बघतात. म्हणतात, यात चाल असते. यात बघा ना, खरं आहे का बनावट.”

मटका कुणाला सांगायला नको. मुंबईत साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर सुरू झाला, पुढं पत्त्यांवर आला, कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं घराघरांत गेली. मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ चा आहे, आणि आमच्या गावातली चिठ्ठी लिहिणारी टपरी बसस्टँडच्या मागं आहे. शून्य ते नऊ, एक आकडा लावायचा, लागला तर रुपयाला नऊ. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द चौथीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. मी तो कागद बघितला. बघून काही कळायचं नसतंच. आकडे होते, एकामागून एक. मी त्याला कागद परत दिला आणि म्हटलं, उद्या वर्गात एक खेळ खेळू.

दहा मुलं गोल बसली. प्रत्येकाकडे तीस चिंचोके. शून्य ते नऊ, प्रत्येकानं एक वेगळा आकडा घ्यायचा. अकराव्या मुलीला बँक केलं. दर फेरीला प्रत्येकानं एक चिंचोका मध्ये ठेवायचा, बँकेनं चिठ्ठी काढायची, ज्याचा आकडा त्याला नऊ चिंचोके द्यायचे. दहा आले, नऊ गेले. कुणीतरी जिंकतंच. दर फेरीला एक जण नाचत होता. वीस फेऱ्या झाल्या. दोघांचे ढीग चांगले वाढले होते, तिघांना एकदाही लागला नव्हता, बाकीचे मधेमधे. सगळ्यांनी आपापले मोजले. शेवटी बँकेनं मोजले. वीस. बरोबर वीस, ना एक कमी ना एक जास्त.

बँक झालेली मुलगी म्हणाली, “बाई, मला तर नशीब लागलंच नाही.” सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम गलका झाला. सगळ्यांना बँक व्हायचं होतं.

या खेळात मी कुणालाही उपदेश केला नाही. आपल्याकडे मैसिर हराम आहे हे मुसलमान पोरांना माहीत असतं, आणि वारकरी घरच्या पोरांनाही जुगार वाईट हे माहीत असतं. वाईट का, हे मोजून बघितलेलं नसतं. मैसिर म्हणजे काय होतं, तेही आपण विसरलोय. जाहिलियतच्या काळात उंट कापून त्याच्या मांसावर दहा बाणांनी खेळायचा तो डाव. सात बाणांवर वाटे कोरलेले, तीन कोरे. कोरा निघाला त्यानं उंटाची किंमत भरायची. जिंकणारे मांस बरेचदा गरिबांना वाटून टाकत, तो मोठेपणा समजला जाई. म्हणूनच सूरह बकरहच्या २१९ व्या आयतीत दारू आणि मैसिर यांबद्दल बोलताना फायद्याचाही उल्लेख येतो, आणि मग तोटा फायद्याहून मोठा असल्याचं सांगितलं जातं. फायदा-तोट्याचं ते तोलणं मला फार मोलाचं वाटतं. फायदा नाहीच, असं सांगून मोकळं होणं सोपं होतं.

चार-पाच दिवसांनी त्या मुलाचे वडील आले. मार्केट यार्डात हमाली करतात. चिडलेले नव्हते, पण हसतही नव्हते. “मॅडम, पोरगं मला म्हणतंय, पप्पा, तुम्ही बँक नाही.” मी म्हटलं, खरंय की. ते म्हणाले, “मला काय कळत नाही व्हय? दहाला नऊ देतात हे टपरीवरच्या शेंबड्या पोराला कळतं. मॅडम, दिवसभर पोती उचलायची. वीस रुपये लावले की संध्याकाळपर्यंत डोक्यात काहीतरी चालू राहतं. कायतरी व्हायची शक्यता असती. नाहीतर माझ्या दिवसात काय व्हायची शक्यता आहे, सांगा तुम्हीच.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी बनवलंही नाही. मी विचारलं, पोराला चार्ट बघायला देता का? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, तो देणार नाही आता. मटका सोडला का? सोडला नाही. बसस्टँडवर अजून दिसतात. मुलगा सातवीत गेला, गणितात बरा आहे, आणि मधून मधून आमच्या वर्गात येऊन पिशवीच्या खेळात नाक खुपसतो.

यंदा चौथीत एकोणतीस मुलं आहेत. दहा-दहाचे दोन गट झाले, नऊ उरली. त्यातला एक बँक झाला, आठ जण आकडे घेऊन बसले. आठच मुलं, म्हणजे दोन आकडे रिकामे. पहिल्याच फेरीला बँकेकडं आठ आले आणि तिला द्यावे लागले नऊ. बँकेला एक चिंचोका पदरचा घालावा लागला. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्यालाही. बाजूच्या दोन गटांतल्या बँका हसायला लागल्या आणि या गटातली पोरं नाचायला लागली, बँकेला हरवलं म्हणून. चौथ्या फेरीला सहाची चिठ्ठी निघाली. सहा कुणीच घेतलेला नव्हता. बँकेनं आठही चिंचोके गपचूप आपल्याकडं ओढले, आणि ज्या पोरानं सगळ्यात जास्त नाच केला होता त्यानं वही काढून मांडायला सुरुवात केली, असं दहा फेऱ्यांत किती वेळा होईल.